अक्काची आखाजी

चोपड्याच्या स्टँडवर मला पुण्याच्या गाडीत बसवून नाना, म्हणजे माझे वडील, खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "हक मांगाले लाजू नको, पोरी." आई आधीच गेलेली. थोरली बहीण अक्का धुळ्याजवळच्या गावात सासरी, अठरा पूर्ण होताच उजवलेली. नाना सभेत स्त्री-पुरुष समानतेवर तासभर बोलायचे. त्यांचे विचार माझ्या वाट्याला आले, अक्काच्या वाट्याला सासर. मला तेव्हा हे खटकलं नाही. उलट वाटलं, नानांनी मला निवडलंय. फार माज होता मला, आणि पुण्यात तो मी चांगला पोसला.

वकिलीचं शिक्षण, मोर्चे, बैठका, पत्रकं. मैत्रिणीच्या लग्नात कन्यादान सुरू झालं तशी मी न जेवता उठून आले. रूममेटनं वटपौर्णिमा केली म्हणून महिनाभर तिच्याशी अबोला धरला. जी बाई नमतं घेते ती बाकीच्या बायकांना विकते, असं मी माईकवर सांगायचे. टाळ्या पडायच्या. लोकांना वाटायचं हे माझं राजकारण आहे. खरं तर तो माझा स्वभाव होता, त्याला नंतर झेंडा मिळाला.

आमच्याकडे अक्षय्यतृतीयेला आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या लेकीबाळी त्या सणाला माहेरी येतात, झोके, मांडे, आमरस. भाऊ स्वतः न्यायला जातो, तो मुराळी. अक्का वर्षभर त्या आठ दिवसांवर जगायची. नवरा तिच्यावर हात उचलायचा, पण आमचा थोरला भाऊ दारात उभा दिसला की पुढचे काही महिने तो जरा दबून असायचा. तिच्या पाठीशी कोणी आहे, एवढं त्याला दिसावं लागायचं.

नाना गेले. तेरावं झालं आणि भाऊनं आम्हा दोघींपुढे एकेक साडी ठेवली. उद्या तहसीलला जाऊन हक्कसोडीच्या कागदावर सह्या करायच्या, म्हणजे बापाच्या जमिनीतला वाटा भावाला सोडून द्यायचा. घरोघरी असंच चालतं. आत्यानंही नानांना असाच वाटा सोडला होता, हे मला त्या दिवशी कळलं. आमच्या समानतावाल्या नानांनी तो मुकाट घेतलाही होता! मी साडी परत सरकवली. इथपर्यंत ठीक होतं, कारण जे काही होणार ते माझं झालं असतं.

पण मी अक्काला मागच्या पडवीत नेलं आणि दोन तास तिचं डोकं खाल्लं. तिचा सगळा जीव या माहेरात अडकलेला. ती म्हणाली, "मना बठ्ठा जीव आठे शे. जमीन लिसनी मी काय करू?" मी म्हणाले, मग खा मार आयुष्यभर, पण माझ्याजवळ रडू नको. हे वाक्य माझंच आहे, शब्दही बदललेला नाही. दुसऱ्या दिवशी अक्कानं सही केली नाही.

भाऊ ओरडला नाही, भांडला नाही. पुढच्या आखाजीला तो धुळ्याकडे गेलाच नाही, बस. अक्का सकाळपासून पिशवी भरून ओट्यावर बसली होती. संध्याकाळी नवरा हसला. त्याच महिन्यात तिचं मनगट मोडलं.

आणि मी काय केलं? पुण्यात भरल्या हॉलमध्ये ते सांगितलं, तिचं नाव घेऊन. माझी बहीण हात मोडून घेते, पण सही करत नाही! लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. व्हिडिओ फिरत फिरत तिच्या सासरी पोचला. तिचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. "तुले टाया भेटन्यात. माले काय भेटनं?" एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

दोन वर्षांनी तिनं गुपचूप सही केली. त्याच आठवड्यात भाऊ तिला माहेरी घेऊन आला. मी तिला मेसेज टाकला, तू विकली गेलीस, आणि तिचा नंबर ब्लॉक केला.

तिकडे राहिलेल्यांनो, तुम्ही मला नावं ठेवता ते कानावर येतं. ठेवा. माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्ही माझी पाठ थोपटता, तेही पुरे करा. सही न करण्यात माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. अक्काच्या जिवावर मी बरोबर ठरले, हे मात्र माझ्या घशाखाली उतरत नाही.

यंदाच्या आखाजीला न कळवता चोपड्याला गेले. दार अक्कानंच उघडलं. केस पिकलेले, मनगट वाकडं. मला बघून तिचा चेहरा आधी फुलला, मग तिनं मागे वळून घरात पाहिलं. हळूच म्हणाली, "तू मझार ऊनी तं माले निंघनं पडी." मी आत पाऊल टाकलं तर तिनं निघायचं, ही भाऊची अट होती. ती रागावली नव्हती, विनवत होती.

आणि मी मेलीनं तिथेही तिला कायदा सांगायला तोंड उघडलं. घरात माझाही हिस्सा आहे, मला कोणी अडवू शकत नाही. खरंच आहे ते. अक्का माझ्या उंबऱ्यापाशी आलेल्या पायाकडे बघत राहिली.

मी पाय मागे घेतला. सातबाऱ्यावर माझं नाव आहे, ते मी काढणार नाही. पण हल्ली कोणी विचारलं ना, तुझं घर कुठलं, तर चोपड्याचं ते दार आठवतं. मी तिथे जात नाही, म्हणून अक्काला आखाजीचे आठ दिवस तिथे राहता येतं.