मोठं न करणारी दुर्बीण

बंदुकीचा परवाना, बंदूक आणि जनावर मारायची सरकारी परवानगी, हे सगळं जवळ असून आजवर एक ससाही न मारलेला माणूस चंद्रपूर-गडचिरोलीच्या अख्ख्या जंगलपट्ट्यात एकच आहे, आणि ते माझे मावसाजी आहेत. सावली गावाच्या अलीकडे जंगलाला चिकटून त्यांचं गाव. घरामागे धानाच्या बांध्या, बांध्यांमागे साग नि बांबू. धानाला लोंब्या धरल्या की त्या बांबूतून रानडुकरं येतात आणि बांधीत अशी लोळतात, जणू पाणी त्यांच्यासाठीच सोडलं होतं. मावसाजींकडे वडिलांच्या वेळची रायफल आहे. साठी उलटल्यावर नळीच्या टोकावरची, नेम धरायची माशी त्यांना दिसेनाशी झाली, तेव्हा त्यांनी ठरवलं की रायफलीवर भरवशाची दुर्बीण बसल्याशिवाय गोळी झाडायची नाही. तेव्हापासून मावसाजी दुर्बीण निवडत होते आणि डुकरं धान खात होती. यातलं एक तरी काम कधीतरी संपावं, एवढंच मावशीचं म्हणणं.

चंद्रपूरचा बंदूकवाला दुकानदार त्यांना हवी ती दुर्बीण चार दिवस घरी नेऊ देतो, कारण त्यांच्याशी दुकानात बोलत बसण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. मावसाजी तिची परीक्षा घेतात. प्रथम ती बैलबंडीच्या दांडीला बांधून खडकाच्या वाटेनं नदीपर्यंत नेतात. बंदूक झाडल्यावर बसतो तो धक्का या वाटेपुढे काहीच नाही, असं त्यांचं मत आहे आणि त्या बंडीत बसलेल्या कुणालाही ते पटेल. मग ती मूल गावच्या राईस मिलमध्ये नेऊन, धान उकडतात तिथल्या वाफेत धरतात. पहाटेच्या धुक्यात काच आंधळी होते की नाही ते असं कळतं. एकदा मिलच्या मालकानं विचारलं, "भाऊ, हे शिजाले किती वेळ लागते?" मावसाजी म्हणाले, "चांगली असन तं शिजत नाई." ती शिजली. दुसऱ्या दिवशी परत गेली.

पण खरं भांडण होतं ते किती पट मोठं दिसावं यावर. नागपूरला असलेल्या त्यांच्या मुलानं हौसेनं नऊपट मोठं दाखवणारी दुर्बीण आणून दिली. मावसाजींनी ती झाडीपट्टीच्या नाटकाला नेली आणि शेवटच्या रांगेतून अख्खं नाटक तिच्यातून पाहिलं. परत आल्यावर मावशीनं विचारलं, नाटक कसं होतं. "खलनायकाच्या मिशीचा गोंद दिसला," ते म्हणाले. "मिशी कोनाच्या तोंडावर हाय थे शेवटपर्यंत समजलं नाई." जंगलात अंतर असतं गोठ्यापासून ओसरीइतकं. एवढ्यात नऊपट म्हणजे सागाचं पान दिसतं, पानाच्या शिरा दिसतात, आणि पानामागे कोण आहे ते दिसत नाही. हे ते भेटेल त्याला सांगत. लोक हो म्हणत आणि बसची वाट पाहत.

मी पत्रकांवर वाढलेला माणूस. वडील मोर्चाची पत्रकं छापून आणत आणि उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर मी मुळाक्षरं गिरवली. गेल्या दिवाळीत मी मावसाजींकडे माझं स्वतःचं पत्रक घेऊन गेलो. पिकाची भरपाई वेळेवर द्या आणि गावातल्या बंदुका जमा करून घ्या, अशा दोन मागण्या होत्या. मावसाजींनी ते खळ लावून गोठ्याच्या भिंतीवर चिकटवलं, ओसरीवर बसले आणि नऊपट दुर्बिणीतून एकेक अक्षर वाचलं.

"भरपाईचं बरोबर हाय. बंदुकीचं नाई. मी बंदूक देली तर डुक्कर तुझं पत्रक वाचून वापस जाईन का?"

मी म्हणालो, "मावसाजी, प्रश्न डुकराचा नाही. गवतात कुणीतरी वाकलेलं असतं, दुसरा कुणी गवत हलताना पाहून गोळी घालतो आणि दुसऱ्या दिवशी म्हणतो, चुकून झालं. या 'चुकून'ला कुठलीही भरपाई नसते."

मला वाटलं ते वाद घालतील. ते म्हणाले, "थेच तं सांगून राह्यलो मी, इतके वर्स."

त्याच दिवशी संध्याकाळी शेजारचा शेतकरी धावत आला. खालच्या बांधीत डुक्कर शिरलं होतं. आदल्या साली अर्धं धान गेलं होतं आणि यंदाही गेलं तर मी माहेरी जाते, असं मावशीनं सकाळीच जाहीर केलं होतं. मावसाजींनी नाइलाजानं नऊपटवाली रायफलीवर चढवली. आम्ही तिघं बांधावर गेलो. उजेड उतरत होता. धान हलत होतं आणि त्यातून एक भुरी पाठ सावकाश पुढे सरकत होती.

"मारा ना भाऊ," शेजारी कुजबुजला. "पाठ दिसून राह्यली."

"कोनाची?"

"डुकराची. आनखी कोनाची?"

"मले निसतं भुरं दिसते. भुरं तं लय काही असते."

"मंग कवा मारसान? निवडनुकीत बंदूक ठान्यात जमा होईन तवा?"

मावसाजींनी रायफलीतून काडतूस काढलं आणि खिशात टाकलं. शेजाऱ्यानं कपाळाला हात लावला. तेवढ्यात भुरी पाठ सरळ झाली. अंगावर दव पडू नये म्हणून डोक्यावरून पाठीवर भुरा बारदाना घेतलेली मावशी, हातात विळा आणि काखेत गाईसाठी कापलेलं गवत घेऊन उभी होती.

"काय तमाशा लावला बांधावर?" ती म्हणाली.

शेजारी होता तिथेच खाली बसला. मग मावसाजी म्हणाले, "गवताले येताना लाल लुगडं नेसत जा."

"लाल लुगडं आनलं कवा तुमी?"

दुसऱ्या दिवशी ते पहिल्या बसनं चंद्रपूरला गेले. ना बंडी, ना मिल, काहीही न करता एक दुर्बीण घेऊन आले. चारपटीपर्यंत मोठं दाखवणारी, पण फिरवून एकपटीवर आणता येणारी. ती त्यांनी एकपटीवर आणली आणि ती फिरवायच्या चकतीवर चिकटपट्टी गुंडाळून टाकली. मावशीनं डोळा लावून पाहिलं.

"यातून तं काहीच मोठं दिसत नाई."

"नाई."

"मंग आनली काऊन?"

"पुरं दिसते."

रात्रीच्या जेवणात तिनं लाल लुगड्याचा विषय पुन्हा काढला. ते त्यांनी अजून आणलेलं नाही, निवडत आहेत.

यंदा लोंब्या धरल्या आणि नेमकी निवडणूक लागली. रायफल ठाण्यात गेली. दुर्बीण जमा करायला कुणी सांगितलं नाही, म्हणून मावसाजी संध्याकाळी शेतातल्या राखणीच्या माळ्यावर नुसती दुर्बीण आणि वाजवायला तेलाचा रिकामा डबा घेऊन बसतात. डुकरं डब्याला पूर्वीइतकी भीत नाहीत. माझं पत्रक अजून गोठ्याच्या भिंतीवर आहे. पावसानं बंदुकीची ओळ धुऊन नेली, भरपाईची तेवढी उरली, आणि भरपाई अजून आलेली नाही.

परवा गेलो तेव्हा त्यांनी मला माळ्यावर बोलावलं आणि दुर्बीण हातात दिली. काचेत मावशी बांधावर वाकून गवत कापत होती. होती तेवढीच दिसत होती, तसूभरही मोठी नाही. तिच्याभोवती धान होतं, बांध होता, सागाची रांग आणि वर थोडं आभाळही.

"दिसली?"

"दिसली."

"पुरी?"

"पुरी."

त्यांनी दुर्बीण परत घेतली. अंधार पडत आला, धान आणि जंगल एक झालं, मावशी भारा घेऊन घरी गेली आणि चुलीचा धूरही दिसू लागला, तरी ते डोळा लावून त्याच बांधाकडे पाहत बसले होते.