काऊनभाऊंचा बिनकुलपाचा संगणक

सावली गावच्या बाजारात त्यांना सगळे काऊनभाऊ म्हणत. चहा पुढे केला तरी त्यांचा पहिला प्रश्न, "काऊन?" म्हणजे 'का?'. गोड बोलणाऱ्यावर तर दुप्पट संशय. झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरं करण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मी त्यांच्याच दुकानात शेजारच्या टेबलावर लग्नपत्रिका करायचो आणि त्यांची बोलणी खायचो.

नाटकांचा हंगाम तोंडावर आला आणि त्यांचं डिझाइनचं सॉफ्टवेअर बंद पडलं. सगळी पोस्टरं आत अडकली. "चित्र माह्यं, कुलूप त्याचं. काऊन?" भाऊ म्हणाले. मी आठवण करून दिली, की प्रत चोरीची होती. ते त्यांनी ऐकलंच नाही.

मी लिनक्स ही वेगळी संगणकप्रणाली आणि तिच्यावरचं डिझाइनचं सॉफ्टवेअर सुचवलं. फुकट आहे म्हणालो, तिथेच चुकलो.

"फुकट देऊन राह्यले? मंग आपल्याकडून नेऊन काय राह्यले?"

त्याची आतली घडण उघडी असते, कोणीही तपासू शकतो, असं मी सांगितलं.

"तू तपासली का गा?"

मी कुठली तपासायला! पण इलाज नव्हता. भाऊंनी आधी कॅमेऱ्यावर बायकोची टिकली चिकटवली, मगच मला संगणकाला हात लावू दिला. काम होताच इंटरनेटची वायरही उपटली.

मग परीक्षा. त्यांनी एका नाटकाचं नाव टाइप केलं, 'धाकटीची शिक्षा'. जुन्या प्रोग्रॅमात असं सरळ टाइप केलं की 'शि'ची वेलांटी भलतीकडे जायची आणि 'क्ष' फुटायचा. इथे सगळं मुकाट्याने जागच्या जागी उमटलं.

"बरोबर काऊन आलं?"

पुढे सगळंच सुरळीत झालं असं नाही. पहिल्या छपाईत लाल रंग विटकरी निघाला आणि त्याचे टोमणे मी महिनाभर ऐकले. जुनी चित्रं उघडली, पण त्यांवरची अक्षरं विस्कटलेली. भाऊंनी एकेक पोस्टर पुन्हा नीट केलं. "मी गेल्यावर हे उघडन नं?" ते अधूनमधून विचारत. मी हो म्हणायचो. अर्थात, त्यांचा विश्वास बसत नसे.

मग भाऊ आजारी पडले. उपचारासाठी नागपूरला निघाले, तेव्हा या माणसाने आपणहून संगणकाचा पासवर्ड काढून टाकला. "कोनी चित्रं मांगन तर देजो," एवढंच म्हणाले. ते परत आले नाहीत. मला फार एकटं वाटलं. माझ्यावर रोज संशय घ्यायला आता कोणी उरलं नव्हतं.

पुढे एकदा त्यांच्या पत्नी दुकानात आल्या. त्यांनी भाऊंचं काम कधी पाहिलं नव्हतं. मी त्यांना भाऊंच्या खुर्चीवर बसवलं आणि एकेक पोस्टर उघडत गेलो. कुठलंच अडलं नाही. पडद्यावर राजे आले, खलनायक आले, हिरव्या शालूतल्या नायिका आल्या. बाईंनी पदराने डोळे टिपले.

"मले वाटे," त्या म्हणाल्या, "हा मानूस दिवसभर इथी बसून लोकाईवर शकच करते."