दोन लाल रेशमं

मी एकतीस वर्षं बस चालवली, त्यामुळे माझा आवाज मोठा. आमची ही रफूगार, त्यामुळे तिचा आवाज नाहीच. फाटलेल्या कापडात धाग्यात धागा विणायचा, आणि कुठे फाटलं होतं ते कुणाला कळूच द्यायचं नाही, हे तिचं काम. राजवाड्याच्या संग्रहालयात सव्वीस वर्षं केलं. पण जाणं-येणं मागच्या दाराने, जिन्याखालच्या खोलीत. म्हणून यंदा भर उन्हाळ्यात मी पुढच्या दाराची दोन तिकिटं काढली. म्हटलं, आज आपल्याच शहरात पाहुणे होऊ, दिवसभर फिरू आणि संध्याकाळी चौकातल्या टेबलवाल्या हॉटेलात ऐटीत जेवू.

"मी नाही येणार," ही म्हणाली. कारण मला ठाऊक होतं.

शेवटचं काम तिने राजाच्या लाल पडद्यावर केलं होतं. तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशन झालं, घरी येऊन हिने रेशमाची टोपली उघडली आणि उजेडासाठी खिडकीशी गेली. दोन लाल लडी हातात. "अहो, या दोन्ही मला एकच वाटायच्या हो! यातली कुठली लावली मी त्या पडद्याला?" तेव्हापासून सव्वा वर्ष हिने सुई हातात धरली नाही. संग्रहालयातून दोनदा बोलावणं आलं, नव्या मुलींना शिकवा म्हणून. दोन्ही वेळा हिने डोळ्यांचं निमित्त सांगितलं. डोळे ठणठणीत! सोबत जाऊन बघू म्हटलं की तोंड फिरवायची.

तरी त्या दिवशी आली. मी बाहीला फाटलेला शर्ट घातला होता, त्यावरून मला वाटेत एक शब्द बोलली नाही. एरवी असा शर्ट घालून मी दारापर्यंतसुद्धा पोहोचलो नसतो.

सकाळी तटावर चढलो, तोफा पाहिल्या, उन्हाने जीव नकोसा झाला. मग राजवाडा. आत छान गारवा होता. पडद्याच्या दालनात शिरलो आणि ही काचेकडे पाठ करून बाकावर बसली. "तुम्ही बघा. आणि खरं सांगा. माझी शपथ."

मी काचेला नाक लावलं. रस्त्यातला खड्डा मला पन्नास पावलांवरून दिसतो, पण इथे डोळ्यात तेल घालून पाहिलं तरी लाल ते लालच. "अगं, काही दिसत नाही!"

"तुम्ही मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

झालं! माझं डोकं सटकलं. नवऱ्यावर विश्वास नाही? मग गावावर ठेव! मी दालनाच्या मधोमध उभा राहून बस सुटताना द्यायचो तशी हाळी दिली, "मंडळी! या पडद्यावर एक रफू आहे. जो दाखवेल त्याला माझ्याकडून आइस्क्रीम!"

"अहो, गप्प बसा," ही पुटपुटली. आता कसला गप्प बसतोय! पहारेकरी धावत आला, पण हिला पाहून ओळखीचं हसला आणि तोही काचेला चिकटला. वीसेक माणसं वाकली. कुणालाच काही सापडेना. शेवटी एक म्हातारा शिंपी पुढे झाला. गळ्यातली मापाची पट्टी काढायलाही विसरला होता बिचारा. त्याने चष्मा सारखा केला आणि पडद्याच्या कोपऱ्यात विणलेल्या पानावर काचेवरून बोट ठेवलं. "हे काय. इथे गाठ आहे. काम जरा कच्चंच आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. चारचौघांत हिला तोंडघशी पाडलं की मी!

पण ही उठली. तरातरा काचेपाशी आली. "कच्चं काय म्हणता? ती विणणाऱ्याची स्वतःची गाठ आहे, पडद्याइतकीच जुनी. मी ती मुद्दाम तशीच ठेवली. माझं काम तर..."

आणि तिथेच थांबली. नव्या डोळ्यांनी ती पडद्याकडे पहिल्यांदा बघत होती. कितीतरी वेळ बघत राहिली. मग गाठीपासून वीतभर वर काचेवर बोट टेकवलं. "इथून इथपर्यंत. चार बोटं. लाल बरोबर तेच लागलंय."

शिंपी वाकला. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाकला. "बाई, तुम्ही दाखवलंत तरी मला दिसत नाही," म्हणाला आणि त्याने चक्क हात जोडले. माझा ऊर असा भरून आला की काय सांगू! दिसेल त्याला सांगत सुटलो, "ही माझी बायको बरं का!"

आइस्क्रीम कुणी जिंकलं नाही, पण शिंप्याला मी दिलंच.

संध्याकाळी चौकात दिवे लागले. आम्ही सूप मागवलं, मासा मागवला, दोघांत एकच गोड मागवलं. ही पोटभर जेवली, मध्येच स्वतःशी हसली. मग माझा हात ओढून बाही दिव्याखाली धरली.

"हे कधीपासून फाटलंय?"

"झालं असेल वर्ष."

"आणि तसाच घालताय? शिंप्याकडे टाकता येत नव्हता?"

"येत होता की," मी म्हणालो. "पण मी थांबलो होतो."

तिने पिशवीच्या तळाशी सव्वा वर्ष तशीच पडलेली सुईची डबी काढली आणि त्या झकपक हॉटेलात, भरल्या टेबलावर, मला शर्टाची बाही वर धरायला लावली.