ओल्या खळीचं पोस्टर

तिकिटं पाचच गेली म्हणून दुपारचा पहिला खेळ रद्द झाला. थिएटरबाहेर एक माणूस शिडीवर चढून आमच्या सिनेमाचं पोस्टर काढत होता आणि आमच्या निर्मात्या सुलभाताई खाली उभ्या राहून बघत होत्या.

"दादा, संध्याकाळपर्यंत तरी राहू द्या ना," त्या म्हणाल्या.

"खळ ओली आहे तोवरच निघतं, बाई. वाळलं की खरवडत बसावं लागतं."

पोस्टर सकाळीच लावलेलं होतं. कॉलेजातली नोकरी सोडून ताईंनी तीन सिनेमे काढले. या तिसऱ्याला चार वर्षं लागली. शूटिंगच्या दिवसांत सगळ्या युनिटचा स्वयंपाकही त्याच बघायच्या. शिडी डगमगली तेव्हा त्याच पुढे झाल्या आणि दोन्ही हातांनी ती घट्ट धरून उभ्या राहिल्या. वरून नायिकेच्या चेहऱ्याचा ओला तुकडा त्यांच्या खांद्यावर पडला.

मी त्या सिनेमाचा दिग्दर्शक. समोरच्या चहाच्या टपरीवरून हे पाहत होतो. सिनेमा पडला तरी दिग्दर्शकाबद्दल कुठेतरी दोन बऱ्या ओळी छापून येतात, नटांना पुढचं काम मिळतं. निर्मात्याच्या वाट्याला अशी दुपार येते, आणि आम्ही ती लांबून बघतो.

पदराला हात पुसत ताई माझ्याजवळ आल्या.

"पुढची गोष्ट झाली का रे लिहून? तीही आपणच करू."

"अजून काही सुचलं नाही, ताई," मी म्हणालो.

ती गोष्ट मी आदल्याच आठवड्यात दुसऱ्या निर्मात्याला देऊन बसलो होतो.