अर्ध्या इंचाची परीक्षा

माझी गाडी ह्यांनी घालवली, असं इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले.

गाडी अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. जाताना ती त्यांनी मला दिली. भाऊ असताना मुलीला गाडी! आमच्या मल्लेश्वरम वस्तीत चार जणांनी नाकं मुरडली. मुरडेनात का! मी ती स्वतः चालवत रोज शाळेत शिकवायला जायचे. तेवढा वेळ मी कुणाची बायको नव्हते, कुणाची सून नव्हते.

साठ सालानंतर कधीतरी तिच्या तळाचा पत्रा गंजला. पायाखाली रस्ता दिसायला लागला. आमचे हे पुण्याचे, सरकारी कारखान्यात इंजिनिअर. म्हणाले, "वेल्डर मी निवडतो. काम घरीच, माझ्या डोळ्यांदेखत."

निवड कसली, परीक्षाच ती! अंगणात अर्धा इंच जाडीचे लोखंडी तुकडे मांडले. एक उमेदवार ह्यांच्या कारखान्यातला, विजेवर वेल्डिंग करणारा. दुसरा अण्णांच्या वेळचा म्हातारा गॅसवाला, मी बोलावलेला. कारखान्यातल्याने असा सांधा जोडला की हातोडा मारून हे दमले. म्हातारा तुकड्यांना शिवलाच नाही. हसून मला कन्नडमध्ये म्हणाला, "अक्का, तुमच्या गाडीत एवढं जाड लोखंड कुठंय? तिचा पत्रा पापडासारखा. विजेनं जाळून टाकतील. साहेबांना सांगा."

ह्यांचं कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, ह्याच्या पुढे कधी गेलंच नाही. "काय म्हणतोय?" ह्यांनी विचारलं.

आता इंजिनिअरला गॅसवाल्यानं शिकवायचं? म्हणजे आठ दिवस घरात अबोला, भरल्या ताटावरून उठणं. मला त्याचा वीट आला होता. मी म्हटलं, "हे काम मला जमणार नाही, असं म्हणतात."

"बघ!" हे म्हणाले. म्हाताऱ्याला 'जा' सांगायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं.

रविवारी विजेचं यंत्र आलं. टेकवलं की भोक. ते बुजवायला गेलं की शेजारी त्याहून मोठं. तळ, दाराखालच्या पट्ट्या, सगळ्याची चाळण झाली. संध्याकाळी हे हात धुता धुता म्हणाले, "पत्रा मुळातच कुजका. तुझ्या अण्णांनी निगाच राखली नाही." अस्सा संताप आला!

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्याच्या हातापाया पडून त्याला घेऊन आले. गाडीखाली हात घालून त्याने भोकांच्या कडा चाचपल्या. "जोडायला धड पत्राच उरला नाही, अक्का. भंगारात द्या." मग हात पुसत त्याने विचारलं, "त्या दिवशी मी बोललो ते साहेबांना सगळं सांगितलं होतंत ना?"

"सगळं सांगितलं," मी म्हटलं. "त्यांनी ऐकलं नाही."