बाबांची बशी आणि माझी महागडी कॉफी

मंडळी, एका महागड्या कॉफीपुढे तीन आठवडे हरत होते, आज रत्नागिरीतल्या आमच्या घरी जिंकले!

कॉफीच्या पाकिटावर लिहिलंय, 'रानफळांची चव'. बिया हाताने दळल्या, पाणी मोजून ओतलं, तरी जिभेला नुसता कडवटपणा. आज शेवटच्या दोन कपांपुरत्याच बिया उरल्या होत्या.

एक कप बाबांना दिला. बाबा जन्मभर मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान होते. त्यांनी कॉफी सरळ बशीत ओतली, फुंकली आणि असा भुरका मारला की ओटीवरची मांजर उठून गेली.

"बाबा, आवाज नको ना!" मी ओरडले. लहानपणापासून पाहुण्यांसमोर हेच ओरडतेय.

बाबा शांतपणे म्हणाले, "अगो, ही तर सड्यावरची काळी करवंदं!"

करवंद, म्हणजे आमच्या कातळी माळावरचं रानफळच! आणि पाकिटावर काय लिहिलंय ते त्यांना माहीतच नव्हतं!

मग मीही बशी घेतली. कॉफी निवू दिली, जोरात भुरका मारला. करवंद! अगदी पिकलेलं! इतके दिवस मी घाईघाईत जीभ भाजून घेत होते.

बाबा मिशी पुसत म्हणाले, "आवाज नको हां गो!"

तुम्ही घरात कोणाचे भुरके बंद केलेत? आज त्यांची बशी त्यांना परत द्या.