डाव्या पायाचे तीन फोटो

माझ्या डाव्या पायाचे जितके फोटो निघाले, तितके आमच्या लग्नात आम्हा दोघांचे मिळूनही निघाले नव्हते.

हे सगळं कलकत्त्यातलं. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. माझी तिथल्या एका केंद्र सरकारी कचेरीत बदली झाली आणि मी, बायको कमल आणि माझी विधवा आत्या असे आम्ही बेहाल्याला दोन खोल्यांत राहू लागलो. रोज ट्रामने डलहौसी स्क्वेअरला उतरायचं आणि तिथून चालत कचेरी गाठायची. एकदा चालता चालता डावी पोटरी अशी आवळली की मी जागच्या जागी खिळलो. जरा थांबलं की कळ जायची, चाललं की यायची. पुढे पुढे ती रोज नेमकी एका साड्यांच्या दुकानासमोर येऊ लागली. भर रस्त्यात एका पायावर उभं राहणं सरकारी अधिकाऱ्याला शोभत नाही, म्हणून मी काचेतल्या साड्या निरखत उभा राहायचो. महिन्याभरात कचेरीत बातमी पसरली की साहेबांना साड्यांचा नाद आहे. (कमलच्या कानावर ती गेली तेव्हा तिने एवढंच विचारलं, की मग घरी एकही कशी आली नाही.)

पुढे अंगठा काळा पडला आणि इस्पितळ गाठावं लागलं. तिथले मोठे सर्जन मुखर्जी. त्यांनी पाय चाचपला, माझी पिवळी पडलेली बोटं पाहिली आणि दिवसाला किती सिगारेटी ओढता, हे विचारायचीही गरज नसल्यासारखी मान हलवली. मांडीतून रक्त खाली नेणारी शीर बंद झाली होती. गुडघ्याखालच्या शिरा उघड्या असतील आणि आडवाटेने का होईना तिथे रक्त पोचत असेल तर पाय राहील, नाहीतर गुडघ्याच्या वर कापावा लागेल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. ते बघायचं तर शिरेत औषध सोडून एक्स-रे काढायचा. साध्या एक्स-रेत हाडं दिसतात, शिरा दिसत नाहीत. हे औषध रक्तात मिसळलं की शिरा पांढऱ्या उमटतात.

फोटोचं काम डॉक्टर सान्याल यांच्याकडे होतं. काटकुळे, चष्मेवाले आणि माझ्या पायाबद्दल माझ्यापेक्षा जास्त उत्सुक. त्यांनी जांघेत सुई खुपसली, औषध सोडलं आणि मांडीतून कोणीतरी उकळता चहा ओतत चाललंय असं मला वाटलं. पायाखाली दोन माणसं हाताने भराभर प्लेटा सरकवत होती. फोटो आला. मांडीच्या मध्यापर्यंत झकास पांढरी नदी, आणि खाली काही नाही.

"काही दिसत नाही, म्हणजे काही नाही," मुखर्जी म्हणाले.

सान्यालना ते पटेना. त्यांचं म्हणणं, आजारी पायात रक्त रेंगाळतं. औषध गुडघ्याशी पोचायच्या आत आपल्या प्लेटा संपल्या. शिवाय खोली गार, पाय गार, बारीक शिरा अंग चोरून बसलेल्या. पाय आधीपासून गरम ठेवला आणि प्लेटा सावकाश सरकवल्या तर चित्र वेगळं दिसेल. अखेर मुखर्जींनी त्यांना शनिवार दिला आणि मला सोमवार. सोमवारी कापायचं.

मी घाबरलो होतो, हे सरळ सांगतो. एका पायाचा माणूस ट्राममध्ये कसा चढतो हे बघायला मी त्या आठवड्यात खिडकीत बसून राहिलो, आणि एकही चढताना दिसला नाही.

सान्यालनी बजावलं होतं, की घरूनच पायाला फ्लॅनेलच्या पट्ट्या गुंडाळून आणा, आणि ऊब जाईल म्हणून इस्पितळात त्या कोणी सोडायच्या नाहीत. मी घरी हे मराठीत सांगितलं आणि आत्याने ते काम आपल्याकडे घेतलं. आत्याने वाईहून ट्रंकेत घालून एक वीतभर मारुती आणलेला होता. दर शनिवारी त्याला तेल-शेंदूर. आता पायाची गोष्ट, त्यातून वार शनिवार! पायात जोर आणायचा तर तो कोणाचा आणायचा, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. तिने तिळाच्या कोमट तेलात शेंदूर कालवला आणि मारुतीला चढवावा तसा चार बोटांनी गुडघ्यापासून घोट्यापर्यंत माझ्या पायावर चढवला.

"आत्या, डॉक्टर काय म्हणतील?" कमलने विचारलं.

"डॉक्टर बघणारेत कुठे? पट्टी सोडायची नाही असं त्यांनीच सांगितलंय."

कमलने वरून पट्ट्या गुंडाळल्या. मीही कोणाला अडवलं नाही, कारण पाय खरोखरच उबदार वाटत होता.

इस्पितळात सान्यालनी पट्ट्यांवरून हात फिरवला आणि खूश झाले. आत काय लावलंय, असं त्यांनी विचारलं. मी तेल म्हणालो. (ते खोटं नव्हतं. एवढ्या शिकलेल्या माणसांसमोर पुढचं सांगायला जीभ रेटेना.) औषध सोडण्याआधी एक कोरी प्लेट काढून बघायची पद्धत असते म्हणे, पण ती मागच्या वेळी काढली होती, म्हणून वाचवली. पुन्हा सुई, पुन्हा उकळता चहा, आणि या वेळी प्लेटा सावकाश.

ओल्या प्लेटा धरून सान्याल अंधाऱ्या खोलीतून जवळजवळ धावत बाहेर आले. गुडघ्याखाली शिराच शिरा! चार ठळक पांढऱ्या धारा शेजारीशेजारी घोट्यापर्यंत गेलेल्या, मधूनमधून आणखी चार. नुसत्या उबेने एवढ्या वाटा उघडतात हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या खोलीतले डॉक्टर बघायला आले. एकाने इंग्रजीत माझं अभिनंदन केलं. मलाही हळूहळू वाटू लागलं की यात माझा काही वाटा असावा, आमचं घराणं मूळचंच काटक. मी टेबलावर पडल्या पडल्या सगळ्यांचे आभार मानले.

मग मुखर्जी आले. त्यांनी प्लेट उजेडासमोर धरली आणि एका शिरेवरून बोट खाली नेलं.

"सान्याल, ही शीर बघा. पोटरीवरून निघते आणि इथे पायाच्या बाहेर जाते."

"बाहेर?"

"बाहेर. दोन इंच पट्टीतून चालत जाते. या गृहस्थांच्या फ्लॅनेललाही रक्तपुरवठा आहे."

त्यांनी कात्री मागवून पट्टी स्वतः कापली. आतून झगझगीत शेंदरी पाय बाहेर आला.

"एटा की?" सान्यालनी विचारलं. हे काय, असं.

"मारुती," मी म्हणालो.

त्यानंतर जे काही सांगावं लागलं ते मी मोडक्या बंगालीत सांगितलं. बंगालीत ते आणखी वाईट ऐकू येत होतं. शेंदरात शिसं असतं आणि शिसं एक्स-रेचे किरण अडवतं, हे मला तेव्हा कळलं. आडोसा म्हणून सान्याल स्वतः शिशाचा अ‍ॅप्रन घालून उभे होते. तसाच एक माझ्या पायालाही घातलेला आहे, असं मुखर्जींनी त्यांच्या ध्यानात आणून दिलं. त्या चार धारा म्हणजे आत्याची चार बोटं होती, आणि पायाबाहेर गेलेली शीर म्हणजे फ्लॅनेलमध्ये झिरपलेला शेंदूर. सान्याल स्टुलावर बसले. मला हसू येत नव्हतं. सोमवार तसाच उभा होता, आणि माझ्या पायात शिरा आहेत की नाहीत हे अजून कोणालाच ठाऊक नव्हतं.

मुखर्जी दयाळू असावेत, कारण ते म्हणाले, "धुवा."

तेलातला शेंदूर धुऊन जात नाही, हे आत्याच्या मारुतीला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. गरम पाण्याच्या बादल्या आल्या, कपडे धुण्याचा साबण आला, काथ्या आला. दोन वॉर्डबॉय तासभर माझा पाय घासत होते. शेवटी उरलेला लाल रंग शेंदराचा की कातडीचा, यावर त्यांच्यात वाद झाला. तो मिटवायला सान्यालनी पायाला हात लावला आणि एकदम सावध झाले. इतके दिवस बर्फासारखा गार असलेला पाय चक्क गरम लागत होता. त्यांनी तिथल्या तिथे सुई भरली.

तिसरा फोटो दुसऱ्यापुढे अगदी गरीब होता. त्यात धारा नव्हत्या. बंद पडलेल्या जागेला वळसा घालून, शिवणाच्या दोऱ्याएवढी एक शीर खाली उतरली होती आणि कशीबशी घोट्यापर्यंत पोचली होती. या वेळी ती पायाच्या आतच होती. मुखर्जींनी हे दोनदा तपासून पाहिलं.

"राहू दे पाय," ते म्हणाले. "अंगठा जाईल. सिगारेट आजपासून गेली."

मी रडलो. वॉर्डबॉयांना वाटलं, घासल्यामुळे.

घरी आत्याला सगळं सविस्तर सांगितलं: शिसं, किरण, पट्टीत शिरलेली शीर. तिने ऐकून घेतलं आणि मारुतीपुढे नारळ फोडला. सान्याल त्यानंतर म्हणे प्रत्येक रोग्याचा पाय फोटोआधी गरम पाण्याने घासून घेऊ लागले, आणि त्यांचे फोटो पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले येऊ लागले. दुसरा फोटो मात्र त्यांनी शिकवायला मागून घेतला. माझा पाय वैद्यकशास्त्रात जाणार, म्हणून मी तो आनंदाने दिला.

दोन-तीन वर्षांनी मराठी मंडळींच्या गणपतीत डॉक्टरकी शिकणारा एक तरुण आत्याची चौकशी करत आला. दरवर्षी सान्याल वर्गात ती प्लेट लावतात म्हणे आणि विचारतात, काय दिसतं? मुलं म्हणतात, शिरा. सान्याल म्हणतात, नाही, रोग्याची आत्या. त्या तरुणाने तिथेच वाकून आत्याला नमस्कार केला आणि मोठ्या आदराने तिची बोटं पाहायला मागितली. तिने हात पुढे केला. ती बघून झाल्यावर त्याची नजर शेजारी उभ्या असलेल्या माझ्याकडे गेली आणि त्याने हे कोण म्हणून विचारलं.

"हा होय?" आत्या म्हणाली. "माझ्या बोटांखाली पाय होता ना, तो याचा."